निकाल १ मेला, पण जीव अडकलाय जूनच्या पहिलीत (झेडपी शाळेचं वर्षअखेर)

मास्तरीणबाई · २६ एप्रिल २०२५, रात्री ९.४०

काल शेवटचा पेपर झाला आणि आज सत्तावीसपैकी अकराच पोरं शाळेत उगवली. बाकीची लग्नात. सध्या शाळा सकाळी ७ ते ११.१५, म्हणजे पत्रे तापायच्या आत मुलं घरी. ती गेली की मी आणि आमचे सर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि पाण्याचा जार घेऊन व्हरांड्यात बैठक मारतो.

नव्या लोकांसाठी ओळख: बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी, दोन शिक्षक. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पहिली ५, दुसरी ६, तिसरी ७, चौथी ९, असा २७ चा पट.

"तुम्हाला काय बाई, आता दीड महिना सुट्टी" हे वाक्य या आठवड्यात चौथ्यांदा ऐकलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

निकालाचं काम तसं थोडं. सत्तावीस पोरांचे पेपर तपासायला किती वेळ लागणार? ज्यांच्या वर्गात साठ आहेत त्यांचे हाल विचारू नका. यंदा वेळापत्रक राज्यभर एकच, परीक्षा २५ एप्रिलपर्यंत आणि निकाल १ मेला. खरी डोकेदुखी वर्णनात्मक नोंदींची. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतात. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो', 'गटकार्यात आनंदाने सहभागी होतो'. अर्ध्या महाराष्ट्रातली मुलं गटकार्यात आनंदाने सहभागी होतात. मी पण उतरवते कधी कधी, खोटं कशाला बोलू.

पण आज तिसरीतल्या एका मुलीपाशी अडकले. दिवाळीनंतर कारखान्यावर गेली, यंदा गाळप लवकर आटोपल्यामुळे मार्चमध्येच परतली. जाताना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, ते घडी न मोडता परत आलं. आईबाप फडात, ही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत. मोळ्या मोजून मोजून वीस-वीसचे गट तिला तोंडपाठ झालेत. "बाई, सात विसा आणि वर अकरा" म्हणते आणि उत्तर बरोबर असतं. कागदावर मात्र हातच्याची बेरीज चुकते. मी पुस्तिका चाळली, विसा मोजणाऱ्या पोरीसाठी त्यात ओळ नाही. शेवटी स्वतःच लिहिलं.

मग तांदूळ. पहिली ते पाचवीला रोजचा मुलामागे १०० ग्रॅम. ऑनलाइन भरलेली उपस्थिती, नोंदवही आणि कोठीतलं पोतं या तिघांचं जमलं पाहिजे. ते कधीच जमत नाही. आज काटा आणून तोललं तर ३१ किलो ४००, वहीत ३२. सहाशे ग्रॅम उंदराच्या नावावर टाकायची सोय सरकारने अजून केलेली नाही.

अनुदानाचंही सांगते. तीसपर्यंत पट असला की संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेला. ते हाती येतं मार्च सरता सरता. तोवर खडू, झाडू, लाइटबिल हे सरांच्या खिशातून.

आता मुद्द्याचं. चौथीची ९ जाणार, उरली १८. एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतला. सात टेबलं मांडली, पोरांनी उड्या मारल्या, मणी ओवले, आयांना विकासपत्र दिलं. अंगणवाडीच्या यादीत सहा मुलं होती, मेळाव्याला आली चार. उरलेली दोघं तालुक्याहून येणाऱ्या खासगी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसणार. १८ अधिक ४ म्हणजे २२. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक, त्याच्या) निर्णयात पट २० किंवा त्याखाली असेल तर नियमित शिक्षक एकच धरलाय. म्हणजे आमच्यात आणि एकशिक्षकी शाळेत दोन पोरांचं अंतर उरलंय.

त्या चारांतल्या एकीचा जन्मदाखलाच नाही, ते रामायण वेगळं.

तुमच्याकडे सुट्टीत मुलं टिकवायला, पहिलीचा पट राखायला काय करता? उपदेश नको, केलेलं सांगा.

---

फेरतपासणी · २६ एप्रिल, रात्री १०.५५

बाई, ३४ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून काढली. तेव्हा थोडं ऐका.

अंगणवाडीची यादी ही अर्धीच यादी असते. जी मुलं अंगणवाडीत येतच नाहीत ती त्यात नसतात, आणि तुमच्या भागात नेमकी तीच जास्त. आशाताईकडची लसीकरणाची वही मागा. पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२५ ला सहा पूर्ण, म्हणजे जन्म ३१ डिसेंबर २०१९ पर्यंतचा. ती पानं उलटा आणि घरं फिरा. संध्याकाळी जा, सकाळी कोणी भेटत नाही. आणि बाईशी बोला, बाप्याशी नको. बाप्या "पाहू" म्हणतो.

जन्मदाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ आहे. नाव खुशाल घाला. पण ३० सप्टेंबरच्या पटाला आधार जुळलेलीच मुलं मोजतात, हे विसरू नका. प्रवेश मिळतो, पण मोजणीत मूल नसतं, अशी गंमत आहे.

---

आईची_शाळा · २७ एप्रिल, सकाळी ७.१२

सात विसा आणि वर अकरा 👏 त्या नोंदीत काय लिहिलंत ते सांगा ना.

---

मास्तरीणबाई · २७ एप्रिल, सकाळी ८.०५

"विसाच्या गटाने १५० च्या पुढे अचूक मोजते. तोंडी बेरीज चांगली. हातचा मांडायला मदत लागते." बस. सर म्हणाले, बाई, तपासणीला 'विसा' म्हणजे पासपोर्टवरचा समजतील.

---

सरळमार्गी · २७ एप्रिल, सकाळी ९.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण एक प्रश्न. २२ मुलांसाठी दोन पूर्ण पगार, शिवाय इमारत, पोषण आहार. चार किलोमीटरवर मोठी शाळा असेल तर गाडी लावून मुलं तिकडे नेणं सगळ्यांच्याच फायद्याचं नाही का? मुलांना खेळायला टीम मिळेल, वर्गाला वेगळा शिक्षक मिळेल. तुम्ही दोघं चार वर्ग एकत्र शिकवता, त्यात कोणत्या मुलाला न्याय मिळतो? मी स्वतः झेडपीत शिकलोय, तेव्हा शहरी शहाणपणा म्हणून उडवून लावू नका.

---

साकव · २७ एप्रिल, दुपारी १२.४८

> चार किलोमीटरवर मोठी शाळा असेल तर गाडी लावून

गाडी कुठून जाणार ते आधी सांगा. माझी शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, पट ११. वाडी आणि मोठी शाळा यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. उन्हाळ्यात त्यातून मांजरही कोरड्या पायाने जातं. जुलैत त्याच्यावर साकव (छोटा पूल) नसेल तर माणूस वाहून जातो. पहिलीचं मूल सहा वर्षांचं असतं हो. कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, असं लिहिलंय ते उगीच नव्हे.

समूह शाळेचा, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करायचा, विषय २०२३ च्या सप्टेंबरात निघाला होता. वीसच्या आतल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले होते. तिथे चांगलं झालंही असेल. पण तिथे आधी सोय झाली, मग मुलं हलली. आमच्याकडे लोकांना धास्ती ही, की शाळा आधी बंद होईल आणि गाडीचं टेंडर मागून निघेल.

शिकवण्याचं म्हणाल तर चार वर्ग एकत्र असणं हे संकटच असतं असं नाही. माझ्याकडे तिसरीतला पहिलीतल्याला वाचायला शिकवतो आणि त्यात त्याचंच वाचन सुधारतं. पण एकच शिक्षक असला आणि तो बैठकीला गेला की शाळा बंद, हे मात्र खरं. म्हणून मास्तरीणबाईंची भीती मला पोचली.

---

सरळमार्गी · २७ एप्रिल, दुपारी २.१०

पऱ्याचा मुद्दा मान्य. डोंगरपट्ट्यात पऱ्या नाही पण, बरोबर ना बाई?

---

मास्तरीणबाई · २७ एप्रिल, रात्री ९.२२

पऱ्या नाही. पण मोठ्या शाळेचा रस्ता खडीकेंद्रावरून जातो आणि दिवसभर डंपर. आमची चौथीची मुलं जूनपासून त्याच रस्त्याने पाचवीला जाणार, साडेतीन किलोमीटर. नऊपैकी मुली पाच. त्यातल्या दोघींच्या घरून आत्ताच "बघू" सुरू झालंय. दहा वर्षांच्या मुलीबद्दल "बघू" म्हणजे काय ते आम्हाला कळतं. म्हणून सहा वर्षांच्याला तिकडे धाडायला मी तरी तयार नाही.

तुमचा प्रश्न चुकीचा नाही. मलाही कबड्डीला सात-सात पोरं कधी मिळाली तर हवीच आहेत.

---

परसदार · २८ एप्रिल, सकाळी ६.०३

न्यू जर्सीहून. इथे शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते, त्यामुळे माझ्या मुलीचं वर्षअखेर अजून लांब आहे. मे महिन्यात शिक्षकांसाठी कौतुकाचा आठवडा असतो. पालक रोज काहीतरी नेतात, कोणी फुलं, कोणी कॉफीचं कार्ड. तुमचं लिखाण वाचून लाज वाटली. आमच्या ग्रुपमधले चारपाच जण मिळून शाळेला टॅब पाठवू शकतो. किती लागतील?

---

मास्तरीणबाई · २८ एप्रिल, रात्री ९.१५

लाज कसली, आम्हालाही कोणी फुलं दिली तर घेऊ की 🙂

टॅब नकोत. एक स्मार्ट टीव्ही आहे, गेली दोन वर्षं गोणपाटाखाली झोपलाय. लाइट बिल थकलं की कनेक्शन जातं, आणि उन्हाळ्यात असाही वोल्टेज नसतो. खरंच काही करायचं असेल तर गोष्टींची पुस्तकं. मोठ्या टायपातली, पानावर तीनचार ओळी, भरपूर चित्रं. पन्नास पुरेत. शाळा बंद असताना ती कपाटात कुलूपबंद राहू नयेत म्हणून माझ्या डोक्यात असं आहे: पत्र्याची एक पेटी किराणा दुकानात ठेवायची. पोरं बिस्किटाचा पुडा न्यायला येतात तशी पुस्तक नेतील. दुकानदार काकांशी बोललेय. ते म्हणाले, उधारीच्या वहीत लिहून ठेवतो, 'अमक्याकडे ससा-कासव एक'.

पैसे मला किंवा सरांना पाठवू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, पुस्तकंच थेट शाळेच्या पत्त्यावर. हिशेबाची भानगड नको.

---

डाळतांदूळ · २८ एप्रिल, रात्री १०.३८

माझी आई एका शाळेत खिचडी शिजवते म्हणून लिहिते. सुट्टी लागली की शिक्षकांचा पगार चालू असतो, आईचं २५०० मानधन बंद. नोकरी नाही, मानधन. जूनमध्ये चूल पेटवायला तीच दोन दिवस आधी जाते, भांडी घासते, कोठी झाडते. त्या दोन दिवसांचं कोणत्या रजिस्टरला लिहितात? बाईंवर राग नाही. पण वर्षअखेरचा विषय निघाला की आमच्या आयांचं नाव निघत नाही.

---

मास्तरीणबाई · २८ एप्रिल, रात्री १०.५१

खरं आहे. मी तांदळाचं सहाशे ग्रॅमपर्यंत लिहिलं आणि ज्या मावशींनी तो शिजवला त्यांचं लिहिलं नाही. आज काटा धरायलाही त्याच होत्या.

---

वाटसरू_७२ · २९ एप्रिल, सकाळी ८.२०

पहिलीला हिंदी येणार म्हणे. १६ तारखेचा जीआर वाचला का कोणी? मंत्री म्हणतात अनिवार्य शब्दाला स्थगिती. मग नक्की आहे की नाही? दोन शिक्षकांत तिसरी भाषा कोण शिक

---

वाटसरू_७२ · २९ एप्रिल, सकाळी ८.२१

अर्धवट पोस्ट झालं. कोण शिकवणार?

---

व्यवस्थापक · २९ एप्रिल, सकाळी ९.००

हिंदीवर वेगळा धागा आहे आणि तो ३०० प्रतिसादांवर गेलाय. इथे नको. या विषयावरचे सहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

---

मास्तरीणबाई · २ मे २०२५, दुपारी ३.३०

निकाल लागला. झेंडावंदन, महाराष्ट्र गीत आणि प्रगतीपुस्तकं, सगळं साडेआठच्या आत, ऊन चढायच्या आधी. आदल्या दिवशी अक्षय तृतीया असल्यामुळे गावात माणसं होती. पालक २१ आले. आमच्या मानाने ही जत्रा.

एका आजोबांनी पुस्तक उलटंपालटं केलं, श्रेणी वगैरे बघितल्या आणि विचारलं, "पास का?" मी म्हटलं, होय. "मग एवढं कशाला लिव्हलंय?" बरं उत्तर नव्हतं माझ्याकडे.

चौथीचा निरोप आम्ही भाषणांचा करत नाही. आमची घंटा म्हणजे नांगराची जुनी तवी, लिंबाला तारेने टांगलेली, वाजवायला एक बोल्ट. वर्षभर ती चौथीकडे असते. १ मेला बोल्ट तिसरीच्या हातात द्यायचा, एवढाच समारंभ. यंदा तिसरीत भांडण लागलं, कारण सात जणांना बोल्ट एकच. चिठ्ठ्या टाकल्या. विसावाली निघाली. तिने पहिल्याच दिवशी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी तवी बडवली आणि पोरं पळाली. सर म्हणाले, जाऊ द्या, सुट्टीच लागलीय.

नऊ दाखले लिहिले. तीन मुलांच्या आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं. चौथीत जे दुरुस्त होणार नाही ते दहावीच्या फॉर्मला छळणार. म्हणून दोन संध्याकाळी त्याच्यात घातल्या.

झाडांना पाणी घालायचं वाटपही झालं. सोळा झाडं. ऊसतोडीवरून आलेल्या घरांकडे दोन-दोन दिली, कारण मेमध्ये गावात हमखास तीच असतात.

---

फेरतपासणी · २ मे, सायंकाळी ६.१०

उत्तम. लसीकरणाची वही पाहिलीत का, ते सांगितलं नाहीत.

---

मास्तरीणबाई · २ मे, रात्री ८.४४

पाहिली सर. दोन नवी नावं निघाली. एकाची आई चाकणला असते, मूल इथं आजीकडे. म्हणजे असेल तर आपलं, नाहीतर चाकणचं. दुसरं कुटुंब वीटभट्टीवर आहे, जूनअखेर येईल म्हणतात.

---

साकव · ११ जून २०२५, रात्री ९.००

धागा वर काढतोय. १६ तारखेला शाळा. (विदर्भवाल्यांना २३ पर्यंत मजा आहे.) आमच्याकडे छपराची कौलं परतून झाली, पहिलीची नवी पुस्तकं केंद्रावर आली. त्यातली कोरी वहीपानं यंदा गेली, दप्तर हलकं झालं. गणवेशाचे पैसेही यंदा परत शाळा व्यवस्थापन समितीकडे, तेव्हा निदान गावच्या शिंप्याकडून मापाचे होतील. गेल्या वर्षी माझ्या पहिलीतल्या पोराला आलेली पॅण्ट त्याच्या काखेपर्यंत पोचत होती.

बाई, पेटीचं काय झालं?

---

मास्तरीणबाई · १६ जून २०२५, रात्री १०.०५

पेटी आधी सांगते. परसदार आणि मंडळींची ५४ पुस्तकं २० मेला आली. आज दुकानातून परत आणली, ४७ आहेत. दोन पुस्तकांना हळद लागलीय, एकाचं मुखपृष्ठ बाळाने खाल्लंय. उधारीच्या वहीत १३८ नोंदी. एका आजीच्या नावावर अकरा आहेत. तिला वाचता येत नाही, नातू वाचून दाखवतो म्हणून ती स्वतःच न्यायला यायची.

आता पट. बैलगाडीतून प्रवेशोत्सव केला, मावशींनी गोड शिरा केला. नोंदवलेल्या चौघांतलं एक पिवळ्या गाडीने नेलं. उलट पिवळ्या गाडीतला एक आमच्याकडे उतरला, फी झेपत नाही म्हणून. चाकणवालं मूल आजीनेच ठेवून घेतलं. पहिली झाली ५. पण तिसरी-चौथीतली भावंडं आईबापांबरोबर पुण्याकडे गेली, दाखलाही नेला. १८ ची १६ झाली. सोळा आणि पाच एकवीस. वीटभट्टीवाले अजून यायचेत, त्यांना मी धरत नाही.

एकवीसमध्ये दोघांचं आधार जुळत नव्हतं. एकाचं स्पेलिंगचं होतं, ते सुटेल. दुसरी म्हणजे जन्मदाखला नसलेली. तिला इथं पिंकी म्हणते.

पिंकीचा जन्म उसाच्या हंगामात, कोल्हापूरकडे. आई सांगते, "जयसिंगपूरच्या पुढं, नदीच्या अल्याड, थंडीत." फडावरून बैलगाडीने सरकारी दवाखान्यात नेलं, दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी ती परत कोपीवर. कागद काही मिळाला होता, तो पुढच्या पावसात भिजला. सन विचारलं तर, "थोरल्याचे दात पडत होते तवा." थोरला आमच्याच रजिस्टरला आहे, त्यावरून २०१९ चा जानेवारी निघतो. आधार केंद्रावरून जन्मदाखल्याशिवाय नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. तहसीलला विचारलं तर, उशिराच्या जन्मनोंदीचे नियम मार्चपासून कडक झालेत. काय करावं?

---

फेरतपासणी · १६ जून, रात्री १०.४०

थांबा, उशिराची नोंद करायला जाऊ नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद तेव्हाच झालेली असणार. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईबापाच्या गावी नाही. तुम्ही बीडमध्ये शोधताय आणि कागद कोल्हापुरात पडलाय. तो दवाखाना ज्या गावात, त्या गावची नोंदवही शोधायची. नक्कल मिळाली की झालं. दुसऱ्यांदा नोंद केलीत तर मुलीच्या गळ्यात आयुष्यभर दोन जन्म.

---

पंचगंगाकाठ · १७ जून, सकाळी ७.२६

मी शिरोळ तालुक्यातला. "जयसिंगपूरच्या पुढं, नदीच्या अल्याड" म्हणजे आमच्याकडची सहासात गावं होतात, पण आरोग्य केंद्र असलेली दोनतीनच. आईला एवढंच विचारा : दवाखान्यातून बाहेर पडल्यावर समोर काय दिसत होतं? आणि कुठल्या कारखान्याची टोळी, मुकादम कोण. नावं इथं लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मास्तरीणबाई · १७ जून, रात्री ९.५०

विचारलं. "समोर तालीम, आणि दारात बसवलेली तोफ." तोफ की तोफेसारखं काही, ते तिला सांगता येईना. बाकी व्यनि केलंय.

---

पंचगंगाकाठ · १७ जून, रात्री ९.५८

तोफ म्हटल्यावर गाव कळलं 😀

---

आईची_शाळा · ३० जून, सकाळी ७.४०

काल तिसऱ्या भाषेचे दोन्ही जीआर रद्द झाले. व्यवस्थापकांनो, एवढी एक ओळ राहू द्या, पुढची चर्चा तिकडे. बाई, पिंकीचं काही कळलं?

---

पंचगंगाकाठ · ३ जुलै २०२५, दुपारी १.१५

तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा ग्रामसेवक बैठकीला, दुसऱ्यांदा नोंदवही वर मागवलेली. आज बसूनच राहिलो. क्लार्कने २०१९ च्या जानेवारीची पानं काढली, नाही. फेब्रुवारी, नाही. मग मीच म्हटलं, २०१८ चा डिसेंबर बघा, थंडी तेव्हाही असते. २२ डिसेंबरला सापडली. आईचं नाव, बापाचं नाव, कायमचा पत्ता बीड जिल्हा, सगळं जुळतंय. पत्त्यात तुमच्या गावाचं नाव एका काना-मात्रेने चुकलंय, पण क्लार्क म्हणतो चालतंय.

फक्त एक आहे. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. लिंग : स्त्री, आणि पुढं काही नाही.

---

फेरतपासणी · ३ जुलै, दुपारी १.४०

वा! कोऱ्या रकान्याची काळजी नको. तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून तो कोराच येतो. जन्मनोंदीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं, आईबापांचा अर्ज आणि किरकोळ फी. मात्र बाई, जनरल रजिस्टरला जे घातलंत तेच, तसंच, वेलांटीसकट तिकडे जाऊ द्या. तुमच्याकडे काय लिहिलंय?

---

मास्तरीणबाई · ३ जुलै, रात्री ९.३५

हे वाचून मी आणि सर दोघं व्हरांड्यात हसत सुटलो. पहिलं तुमचे आभार, पंचगंगाकाठ. तीन फेऱ्या कोण मारतं हो.

आमच्याकडे पेन्सिलने 'पिंकी'च लिहिलंय, खरोखरच. खरं नाव विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, पिंकीच म्हणतो. आज अर्जाचं सांगायला घरी गेले तर वेगळंच निघालं. बापाने बारशाला दुसरं नाव ठेवलं होतं, आजीला तिसरंच हवं, कारण ते तिच्या मेलेल्या बहिणीचं. आई गप्प. पिंकीला विचारलं तर ती म्हणाली, मला बाईंचं नाव पाहिजे. ते काही मी मान्य केलं नाही.

रविवारी आषाढी आहे, बाप दिंडीहून सोमवारी येईल, तेव्हा ठरवतो म्हणाले. तोवर पेन्सिल तशीच.

---

पंचगंगाकाठ · ३ जुलै, रात्री ९.५२

अर्जाचा कोरा फॉर्म घेऊन ठेवलाय, फोटो व्यनि केलाय. सह्या करून पोस्टाने धाडा, मी नेऊन देतो. नाव तेवढं सोमवारी कळवा, इंग्रजी स्पेलिंगसकट.